एकाच बसवर

आमच्या घरी फोन आला १९९७ साली. तो आपल्यासाठी नाही, बाबांच्या कंपनीसाठी घेतलाय, असं आई म्हणायची. कारण तो वाजायचा तो रात्री दीड-दोनलाच. बाबा तळोजा एमआयडीसीतल्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. फोन आला की अंधारातच उठायचे आणि झोपेतल्या आवाजात बोलायचे, "दोन नंबरला लगेच बसवर घेऊ नको. आधी टॅप बघ. दोन्ही एकाच बसवर आले की मला परत फोन कर."

मी नऊ वर्षांचा होतो. पनवेलच्या पोराला बस म्हणजे एकच माहीत, एसटी. स्टँडवर कोकणात जाणाऱ्या गाड्यांना चवथीच्या आधी किती गर्दी असते ते मी बघितलं होतं. त्यामुळे दोन माणसं रात्री दोन वाजता एकाच बसमध्ये चढली तर बाबांना एवढी काळजी का वाटते, हे मला कळायचं नाही. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिलाही कळत नव्हतं, पण ती ठामपणे सांगायची, "ते गुंड असणार."

त्या वर्षी खंडेनवमीला बाबा आम्हा दोघांना कंपनीत घेऊन गेले. वर्षातून त्या एका दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मशिनींना झेंडूच्या माळा, स्विचच्या पॅनेलवर हळदकुंकू, पेढ्यांचे पुडे. बाबांनी आम्हाला मागच्या बाजूला नेलं. तारेच्या कुंपणाआड, खडी पसरलेल्या जागेत राखाडी रंगाचे दोन मोठे डबे उभे होते. बाजूने पत्र्याचे पंखे, वर चिनीमातीचे बुशिंग, आणि एक सलग घुमणारा आवाज. दोन्ही डब्यांना माळा घातल्या होत्या. "हे तुमचे गुंड," बाबा म्हणाले.

मग त्यांनी बस दाखवली. पॅनेलचं मागचं दार उघडं नव्हतं, पण जाळीतून तांब्याच्या जाड पट्ट्या दिसत होत्या. त्याच बसबार. दोन्ही ट्रान्सफॉर्मर आपली वीज त्या पट्ट्यांवर आणून ओततात आणि पट्ट्यांवरून ती सगळ्या कंपनीला जाते. दोघं एकाच वेळी एकाच पट्टीवर असले की म्हणायचं, पॅरलल चालू आहेत.

"बैलजोडीसारखं?" ताईने विचारलं. तेव्हा ती सातवीत होती आणि तिच्या मराठीच्या पुस्तकात बैल असावेत.

बाबांनी जरा विचार केला. "नाही. बैलांना गाडीवान असतो. एक मागे पडला तर त्याला दिसतं. इथे कोणी हाकत नाही. ज्याचं त्याचं तेच ठरवतात."

हे वाक्य मी तेव्हा विसरून गेलो. ते परत आठवायला तेवीस वर्षं लागली.

---

मी पुढे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. वर्गात पॅरलल ऑपरेशनच्या अटी पाठ केल्या, तशा त्या सगळेच करतात. दोन्हींची पोलॅरिटी जुळायला हवी. फेजचा क्रम एकच हवा. व्हेक्टर ग्रुप असे हवेत की दोघांच्या दुय्यम बाजूच्या व्होल्टेजमध्ये कोनाचा फरक पडणार नाही. व्होल्टेजचं गुणोत्तर सारखं हवं. आणि टक्केवारीतला इम्पिडन्स जवळपास सारखा हवा. परीक्षेला हे पाच मुद्दे लिहिले की पाच मार्क. पण हे पाचही मुद्दे मला खऱ्या अर्थाने बाबांनी समजावले, आणि तेही आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर.

पनवेलला पाण्याची बोंब जुनी. देहरंगचं धरण उन्हाळ्यात आटलं की टँकर सुरू. आमच्या गच्चीवर हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या होत्या आणि दोन्हींचे पाइप खाली एकाच लाइनला जोडलेले. एका मे महिन्यात टँकरवाल्याने एकच टाकी भरली. थोड्या वेळाने आम्ही वर जाऊन बघतो तर दुसरीतही पाणी. बिल्डिंगमध्ये एकही नळ उघडा नव्हता.

"बघ," बाबा म्हणाले, "कोणी पाणी वापरत नाही, तरी पाइपमधून पाणी धावतंय. पातळीत फरक आहे म्हणून. दोन ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टेजमध्ये फरक असला की असंच होतं. कंपनी बंद असली तरी करंट यातून त्याच्यात फिरत राहतो. काम शून्य, नुसता ताप."

हा फिरणारा करंट थोडाथोडका नसतो. हजार केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर घ्या, एकाचा इम्पिडन्स ४ टक्के, दुसऱ्याचा ५ टक्के. ४३३ व्होल्टच्या बाजूला प्रत्येकाचा पूर्ण लोडचा करंट साधारण १,३३३ अँपिअर. आता एकाचा टॅप दुसऱ्यापेक्षा एक पायरी वर राहिला, म्हणजे व्होल्टेजमध्ये अडीच टक्क्यांचा फरक पडला. अडीच भागिले नऊ, म्हणजे जवळजवळ २८ टक्के. एकही मशीन चालू नसताना ३७० अँपिअर नुसते गोल फिरतात. बाबा रात्री दोन वाजता फोनवर "आधी टॅप बघ" का ओरडायचे, ते मला असं कळलं.

आणि इम्पिडन्स? तो म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा अडथळा. दुय्यम बाजू शॉर्ट करायची आणि मुख्य बाजूला हळूहळू व्होल्टेज वाढवत न्यायचं. पूर्ण लोडचा करंट वाहू लागेल तेव्हा थांबायचं. २२,००० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला त्यासाठी ८८० व्होल्ट लागले, तर इम्पिडन्स ४ टक्के. गच्चीच्या भाषेत हा पाइपचा जाडपणा. टाक्या दोन्ही हजार लिटरच्याच, पण एकीचा पाइप जाड आणि दुसरीचा बारीक. खाली नळ उघडले की जास्त पाणी कुठून येणार? टाकी केवढी आहे याला पाणी विचारत नाही. ते जाड पाइपातून येतं.

ज्याचा अडथळा कमी, त्याच्यावर लोड जास्त. नियम एवढाच आहे.

---

मी दहावीत होतो तेव्हा बाबांच्या कंपनीने प्लांट वाढवला. लोड वाढला. जुन्या दोनपैकी एक ट्रान्सफॉर्मर आधीच काढला होता. त्याच्या जागी दुसरीकडून वापरलेला पण चांगल्या स्थितीतला एक आणला. हजार केव्हीएचा. जुनाही हजारचाच. जुन्याच्या पाटीवर ४ टक्के होते, नव्याच्या पाटीवर ५.

बाबांनी जोडणीच्या आधी त्यांची नेहमीची दिव्यांची तपासणी केली. नव्या ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर उघडा ठेवायचा, न्यूट्रल एकत्र असतातच, आणि ब्रेकरच्या वरच्या-खालच्या टोकांमध्ये दिवे लावून बघायचे. फेज जुळत असेल तर दोन टोकांमध्ये व्होल्टेज शून्य, म्हणजे दिवा पेटणार नाही. जुळत नसेल तर ४३३ व्होल्टही मिळू शकतात, म्हणून २३०चे दोन बल्ब सिरीजमध्ये. मीटर होता, पण बाबांचा भरवसा बल्बवर. आणि या तपासणीत ते एक गोष्ट कधीही चुकवायचे नाहीत. दिवा पेटला नाही की तोच दिवा मुद्दाम दुसऱ्या फेजवर लावून पेटतो का बघायचे.

"न पेटलेला दिवा म्हणजे सगळं ठीक, असं नसतं," ते म्हणायचे. "बल्बच गेलेला असू शकतो."

दिवे व्यवस्थित निघाले. अडचण वेगळीच होती. साहेबांचं गणित सोपं होतं, हजार आणि हजार, दोन हजार. त्यांनी दोन हजारचा प्लांट आखला. बाबा म्हणाले, अठराशे. ४ आणि ५च्या उलट्या प्रमाणात लोड वाटला जाणार, म्हणजे नऊ भागांतले पाच जुन्यावर, चार नव्यावर. अठराशे लोड असताना जुना बरोबर हजारला पोचतो आणि नवा आठशेवर असतो. त्यापुढे गेलात की नव्याकडे जागा शिल्लक असूनही जुना जास्तीचं ओझं उचलायला लागतो. दोन हजारला जुन्यावर १,१११ आणि नव्यावर ८८९.

"पण दोन्ही हजारचेच आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

बाबांनी ते लॉगबुकमध्ये लिहून ठेवलं. मग प्लांट दोन हजारवर चालला आणि सगळं नीट चाललं. हेच तर वाईट असतं. ट्रान्सफॉर्मर अकरा टक्के जादा ओझ्याने त्या दिवशी मरत नाही. गरम होतो, एवढंच. आतल्या तांब्याभोवती कागद गुंडाळलेला असतो, तेलात भिजलेला. तो कागद हाच त्याचा जीव. एका मर्यादेनंतर तापमान दर ६ अंशांनी वाढलं की त्या कागदाच्या झिजण्याचा वेग दुप्पट होतो. बाहेरून काही दिसत नाही. तोच राखाडी डबा, तोच आवाज. तापमानाचा अलार्म वाजायचा, शिफ्टचा माणूस बटण दाबून तो बंद करायचा. पुढे कोणीतरी अलार्मची सुईच वर सरकवली.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात, दुपारी, जुना गेला. तो गेल्याबरोबर दोन हजारांचा सगळा लोड एकट्या नव्यावर आला. तोही टिकला नाही, लगेच ट्रिप झाला. तो बिचारा सोळा महिने आठशे-नऊशेवर आरामात होता, आणि जेव्हा खरंच उभं राहायची वेळ आली तेव्हा त्याला एक मिनिटही उभं राहता आलं नाही. प्लांट अंधारात. बाबांना मेमो मिळाला. लॉगबुकातलं पान त्यांनी दाखवलं, पण पान दाखवल्याने मेमो रद्द होत नाहीत.

त्या रात्री ते गॅलरीत बसून राहिले होते. आई म्हणाली, "एक मशीन तर गेली. माणूस तर नाही ना गेला." बाबा म्हणाले, "सोळा महिने सांगत होता तो."

---

पॅरलल जोडणी ही काही बारीकशी युक्ती नाही. आज आपण जी वीज वापरतो तिच्या मुळाशीच ती आहे. १८८०च्या दशकात गोलार आणि गिब्स यांनी ट्रान्सफॉर्मर एकामागे एक, माळेसारखे जोडले होते. एकाकडचे दिवे कमी-जास्त केले की बाकीच्यांना त्रास. १८८५मध्ये बुडापेस्टच्या गँझ कंपनीतल्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी ते शेजारी शेजारी, म्हणजे पॅरलल जोडायची पद्धत आणली. शेजारच्याने दिवा मालवला तरी तुमचा चालू. तिथून पुढे तीस वर्षांत, १९१५ साली, आमच्या शेजारच्या खोपोलीतून टाटांची वीज मुंबईकडे निघाली.

पॅरलल जोडायचं दुसरं कारण म्हणजे भरवसा. दोन आहेत, एक गेला तरी दुसरा आहे. पण त्यात एक अट लपलेली आहे, ती लोक विसरतात. एक गेल्यावर दुसऱ्याला सगळं पेलता आलं पाहिजे. तसं नसेल तर दोन असून उपयोग नाही. उलट एकाच्या मागोमाग दुसरा जातो.

१२ ऑक्टोबर २०२० हा दिवस मुंबईतल्या बऱ्याच लोकांना आठवत असेल. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. नंतर तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की कळवा-पडघा वाहिनीच्या एका सर्किटवर दुरुस्तीचं काम चालू होतं, लोड दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्या दुसऱ्यात बिघाड झाला. पुण्याहून खारघरला येणारी वाहिनीही त्या सकाळी बंद पडली. ही बातमी मी चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये मोबाइलवर वाचली आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबांचे दोन राखाडी डबे आले.

पण बातमी वाचायच्या आधी ताईचा फोन येऊन गेला होता.

---

आई २०१६ला गेली. त्यानंतर बाबा वडाळे तळ्याजवळच्या जुन्या घरात एकटेच राहायचे. ताई नवीन पनवेलला, स्कूटीवर दहा मिनिटं. मी पुण्यात. २०२०च्या सप्टेंबरमध्ये बाबांना कोविड झाला. अठरा दिवस हॉस्पिटल, मग घरी, पण ऑक्सिजनच्या मशीनसह. हे मशीन विजेवर चालतं.

आम्ही दोघांनी सगळं वाटून घेतलं होतं. निदान माझी तशी समजूत होती. हॉस्पिटलचं अर्धं बिल माझं, अर्धं तिचं. मशीनचं भाडं माझं, औषधं तिची. दिवसाच्या बाईचा पगार मी द्यायचो. मोबाइलवर एक तक्ता होता, त्यात दोन रकाने, महिनाअखेरीला बेरीज जवळजवळ सारखी. हजार आणि हजार.

त्या सोमवारी दहा वाजता ताईने फोन केला. "लाइट गेली. इन्व्हर्टर लावलाय, पण तो किती टिकेल माहीत नाही. मोठा सिलिंडर आणून ठेवलाय मी मागच्याच आठवड्यात, तो लावते. तू काळजी करू नको." मागे मशीनचा अलार्म वाजत होता. तिने दीड मिनिटात फोन ठेवला. सिलिंडर कुठून आणला, कोणी उचलून दुसऱ्या मजल्यावर चढवला, रेग्युलेटर लावायला ती कुठे शिकली, यातलं काही मी विचारलं नाही. मला हायसं वाटलं, एवढंच. काही तासांनी वीज आली. बाबांचा ऑक्सिजन एक क्षणही थांबला नाही.

त्याआधी ती महिनाभर अधूनमधून म्हणायची, "दमले रे." मी म्हणायचो, "हो गं, बघू काहीतरी करू." बोलून झाल्यावर मलाच बरं वाटायचं. ऑक्टोबरच्या शेवटी तिने ते म्हणणं बंद केलं. फोनवर फक्त ऑक्सिजनचा आकडा सांगायची. मी समजलो, बसली घडी.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती बाबांच्या स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. कपाळाला चार टाके पडले. बीपी इतकं वाढलं होतं की डॉक्टरांनी तिला तीन दिवस ठेवून घेतलं. भावोजींचा फोन आल्यावर मी निघालो आणि संध्याकाळी पनवेलला पोचलो. बाबांना भरवायचं होतं. कोणतं औषध जेवणाआधी, कोणतं नंतर, मला माहीत नव्हतं. रात्रीचं मशीन किती लिटरवर ठेवायचं, माहीत नव्हतं. बाबांना रात्री दोनदा उठवून बाथरूमला न्यावं लागतं, हे मला त्या रात्री कळलं. बाई दिवसाची होती. रात्री ताईच असायची, रोज, दोन महिने. आपल्या दोन मुलांना झोपवून ती यायची आणि सकाळी सहाला परत जायची. तक्त्यात रात्रीला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चुकीची गोळी देत होतो, ती बाबांनीच थांबवली. माझे हात थरथरत होते. बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग नळीतून श्वास घेत, तुटक तुटक म्हणाले, "ती नाही म्हणत नाही. म्हणून तिच्याकडे जातं सगळं."

एवढंच. पुढे काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. रोज चाकणला मी हेच गणित करतो. ऑफिसमधून सुट्टी मिळत नाही, मुलगी लहान आहे, घाट आहे, लॉकडाऊन आहे, असे माझे अडथळे होते आणि ते सगळे खरेच होते. ताईचेही तेवढेच खरे होते. फक्त ती ते मध्ये आणत नव्हती. आणि तिचा दिवा पेटत नव्हता तेव्हा मी तो दुसऱ्या फेजवर लावून बघितला नव्हता.

---

बाबांच्या कंपनीत त्या अपघातानंतर काय केलं, ते मी त्यांना त्या आठवड्यात विचारलं. वेळ होता, रात्री जागा होतो. अशा वेळी इलाज दोन-तीनच असतात. एक, एकूण लोड कमी करायचा. दोन, कमी अडथळ्याच्या ट्रान्सफॉर्मरला सिरीजमध्ये रिअॅक्टर जोडायचा, म्हणजे त्याचा अडथळा मुद्दाम वाढवायचा. तीन, मधला कप्लर उघडायचा. बसचे दोन तुकडे करायचे आणि या तुकड्यावरची मशिनं याची, त्या तुकड्यावरची त्याची, असं हाताने वाटून टाकायचं. एकत्र असताना जो वाटा आपोआप पडतो तो न्याय्य असेलच असं नाही, म्हणून. त्यांनी तिसरं केलं.

ताई घरी आल्यावर मी तिला म्हटलं, आपण मिळून करू हे आता नको. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ बाबा माझे. त्या वेळात तू यायचं नाहीस, मी फोनही करणार नाही. आठवड्याच्या रात्रींना बाई ठेवू, तिला शोधणं, बोलणं, ती आली नाही तर दुसरी बघणं, हे माझं. डॉक्टर आणि रिपोर्ट तुझे.

ती लगेच म्हणाली, "अरे, तुला जमणार नाही, राहू दे, मी आहे ना."

हेच ते. मी म्हटलं, "तू आहेस म्हणूनच नको."

पहिल्या दोन शनिवारी ती आली. काही ना काही निमित्त, डबा विसरला, स्वेटर द्यायचा होता. दोन्ही वेळा मी तिला दारातून परत पाठवलं. दुसऱ्यांदा ती चिडली. जिना उतरताना म्हणाली, "माझे पण बाबा आहेत." तेही खरं होतं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कप्लर उघडला की हेही होतं. दोन बाजू एकमेकींना काही देऊ शकत नाहीत.

बाबांचं मशीन फेब्रुवारीत सुटलं. आता ते हळूहळू तळ्यापर्यंत चालत जाऊन येतात. शुक्रवारी रात्रीची एसटी मी अजून चुकवत नाही. गेल्या आठवड्यात घाट उतरल्यावर ताईचा मेसेज आला, "पोचलास की सांग. मग मी फोन बंद करून झोपणार आहे." पनवेलला उतरल्यावर मी तिला कळवलं. मेसेजला एकच टिक आली. ती झोपली होती.